दुर्गीची माय

मामीने तोंड सोडलं की आजूबाजूच्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत. भांडण चाललंय म्हणून नव्हे. भांडायला समोरच्यानेही बोलावं लागतं, आणि मामीपुढे कुणी बोलत नसे. ती म्हशीला बोलायची, बिघडलेल्या कूलरला बोलायची, उशिरा येणाऱ्या एसटीला बोलायची, मामाला तर बसता-उठता बोलायची. पण तिला खरी रंगत चढायची ती दुर्गीला बोलताना. दुर्गी म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी.

"अव दुर्गे, आंगण झाडून राह्यली का त्याले गुदगुल्या करून राह्यली? वारा कोणीकून येते पाह्य न अगुदर! असं वाऱ्याकडे तोंड करून झाडशीन त सारा कचरा तुह्याच नाकात. मंग पुसजो शेंबूड माह्या पदराले!"

समोरच्या घरातली काकू ओट्यावर येऊन हसू दाबत उभी राहायची. दुर्गी फणकाऱ्याने वळायची, वाऱ्याला पाठ द्यायची आणि फडा आपटत झाडायची. मी बाजेवर बसून आंबा चोखत असायची. माझ्या हातात फडा कधी कुणी दिला नाही, आणि त्या आंब्यांची चव मला कधी लागली नाही.

आर्णीच्या पुढे एका फाट्यावर उतरून बैलबंडीने, पुढे पुढे मामाच्या मोटारसायकलवर, आम्ही त्या गावात जायचो. आई मला पोचवून चार दिवस राहायची आणि नागपूरला परत जायची. मी शाळा सुरू होईपर्यंत तिथेच. गावात मामीला नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे तिला दुर्गीची माय म्हणत. एकदा मामीबरोबर चक्कीवर गेले असताना पीठ मोजणाऱ्या म्हाताऱ्याला मी मुद्दाम छाती काढून सांगितलं, "ही माझी मामी आहे." तो म्हणाला, "हो का? दुर्गीची माय तुही मामी हाये का?" म्हणजे तिथेही दुर्गीच. मी परत येताना मामीचं बोट सोडून चालले. का, ते तिला कळलं नाही. तिने मला ऊन लागलं असेल म्हणून कांदा फोडून हुंगायला दिला.

आमच्याकडे भाचीच्या पाया पडतात. मामा-मामीने भाचीला नमस्कार करायचा, भाचीने त्यांना नाही. मी गावात पोचले की मामी ओसरीवर गडव्यातून माझ्या पायांवर पाणी घालायची आणि पदर डोक्यावर ओढून वाकायची. सहा वर्षांची मी, वर तिच्या अंबाड्याकडे बघत उभी राहायची. बाजूला दुर्गी विहिरीवरून आणलेला पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन उभी असायची, आणि मामी वाकल्यावाकल्याच तिला म्हणायची, "तोंडाकडं काय पाहून राह्यली? गुंड उतरव न, मान मोडाची वाट पाहतं काय?" एकाच दमात दोन आवाज काढायची मामी. गोड आवाज माझ्या वाट्याला आला.

भाचीला मारलं तर हात कापतात, असं तिथे पक्कं ठरलेलं होतं. गावात कुणा म्हाताऱ्याचे हात थरथरताना दिसले की बायका कुजबुजायच्या, 'भाच्याले मारलं असन यानं.' त्यामुळे मामा-मामीच नव्हे, तर अख्खी गल्ली मला जपायची. मला 'बाई' म्हणायचे सगळे. "बाई, सावलीत बस." "बाई, तू राहू दे, दुर्गी करते." माझी आई नागपुरात मला रागवायची नाही, समजावून सांगायची. समजावून सांगण्यात कसली आली मजा! दोन्ही घरी मला कुणी धड बोलत नव्हतं. आठव्या वर्षी मी एकदा मामीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामी, मला एकदा मार ना." ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग दिवसभर जो येईल त्याला सांगत होती, "आयकलं काय? भाची मार खातो म्हन्ते माहा!" तो मार मात्र मला मिळाला नाही. मिळाली वाटीभर साय.

आज मागे वळून पाहते तर लक्षात येतं, की मामीला शिकवण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती. तिची सगळी विद्या शिव्यांमध्ये होती. चूल कशी पेटवायची हे ती कधी सांगत नसे. दुर्गीने कपाशीची ओली पऱ्हाटी चुलीत घातली की धुराबरोबर तिचं तोंड सुटायचं, आणि त्यात सगळं यायचं. आधी तुराटी, मग पऱ्हाटी, मग जाड लाकूड, आणि फुंकर खालून. चिंचा फोडताना दगड कुठे धरायचा, अंड्यावर बसलेल्या कोंबडीजवळ कुठल्या बाजूने जायचं, वाळूत उमटलेली ओळ दोरीची की सापाची, हे सगळं दुर्गीला पाठीत धपाटा खाता खाता कळलं. मला ते बाजेवरून, कान टवकारून गोळा करावं लागलं. ज्या शिव्या माझ्या नव्हत्या त्या मी पाठ केल्या. दुपारी सगळे झोपले की गुरांच्या कोठ्यात जाऊन मी वासराला हळूच म्हणायची, "अवदसे, डोये कोठी ठेवले व?" वासरू कान हलवायचं.

एकदाच तिने आवाज न चढवता दुर्गीला बोललेलं मी ऐकलं. शेजारच्या गावची एक बाई भर दुपारी आली होती. दर उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा दोघं मिळून यायची. दुर्गीने दारातच विचारलं, "काका नाही आले?" ती बाई मटकन ओसरीवर बसली. मामीने दुर्गीला दंडाला धरून आत नेलं. मी दाराआड होते. मला वाटलं आता चामडी लोळवणार. पण मामी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तिचं कपाळ नाही पाह्यलं काय तू? ज्याच्या घरी माती झाली त्याले पह्यले पानी द्याव. बाजूले बसाव. इचारू नाही. थे सांगते आपल्या टाईमानं. आता जाय, गडवा घेऊन जाय, अन् तोंड बंद." दुर्गी पाणी घेऊन गेली आणि त्या बाईजवळ बसून राहिली. थोड्या वेळाने त्या बाईने आपणहून दुर्गीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलायला लागली. मला जवळ जायचं होतं, पण मामीने मला मागच्या मागे माडीवर पाठवलं. "बाई, हे तुह्यासाठी नाही." कुणाचं तरी दुःख होतं ते, आणि मी दुर्गीचा हेवा करत होते. इतकी मी वाईट होते.

मे महिन्यात सरगुंडे व्हायचे. पिठाची बारीक दोरी काढून ती एका काडीवर गुंडाळत न्यायची आणि मग काडी अलगद ओढून घ्यायची. मागे उरतं ते पोकळ, पिळदार सरगुंड. ते वाळवून ठेवायचे आणि शिजवून आमरसाबरोबर खायचे. गल्लीतल्या सात-आठ बायका ओसरीवर जमायच्या. एका वर्षी मीही हट्टाने बसले. माझी दोरी जाड येत होती, मधेच तुटत होती, आणि काडीवरून सरगुंड निघताना त्याचा लगदा होत होता. मामीने माझे ते सहा लगदे उचलून वेगळ्या ताटलीत ठेवले. म्हणाली, "भाचीच्या हातचे हायेत. पह्यले देवाले." दुर्गीचे माझ्याहून कितीतरी बरे होते. तिला म्हणाली, "दुर्गे, हे काय काढलं व? सरगुंडे सांगतले होते, गोगलगायी नोहे. बोटाले आवर. पीठ बोटानं नाही ओढाव, पीठ आपल्यानं येते, बोट निस्तं वाट दाखवते." सगळ्या बायका हसल्या. दुर्गीने नाक उडवलं, पण तिचं पुढचं सरगुंड बारीक आलं. मी पाहिलं ना. मी तसंच करून बघितलं तर माझंही बारीक आलं. पण ते कुणी पाहिलं नाही, कारण माझे लगदे तर आधीच देवाला लागले होते.

त्यानंतर मी जे केलं ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. अंगणातल्या बाजेवर धोतराचं पान अंथरून सकाळपासूनचे सरगुंडे वाळत घातले होते. दुर्गी कावळे हाकायला तिथे उभी होती. मी गेले आणि बाजेचा पाय धरून ती कलती केली. सगळे सरगुंडे मातीत. मला वाटलं होतं, आता तरी मामीला माझ्यावर ओरडावंच लागेल. मामी धावत आली आणि तिने काही न विचारता दुर्गीच्या पाठीत दोन ठेवून दिल्या. मी ओरडले, "मी सांडले! मामी, मी सांडले!" मामी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग आला, मला दिसला, अगदी ओठापर्यंत आला. मग तिने तो गिळला. "भाचीच्या हातून सांडलं त काही नाही जात. पाखरायच्या पोटात गेलं." आणि दुर्गीकडे वळून म्हणाली, "अन् तू काहून उभी होती इथं खंब्यासारखी? धरता नाही आली बाज?"

दुर्गी कोठ्यामागे जाऊन रडत बसली. मी तिच्या शेजारी बसले. माफी मागायला आले होते असं म्हणायला मला आवडेल. पण मी तिला म्हटलं, "दाखव ना कुठे मारलं." तिने फ्रॉक मागून थोडा खाली केला. पाठीवर मामीची बोटं उमटली होती, पाचही, अंगठ्यासकट. मी त्यावर माझा हात ठेवून बघितला. माझा पंजा फारच लहान होता. दुर्गीने मला ढकललं. "तुले काय व! तुले कोनी हात नाही लावत." हेच तर माझं दुःख होतं, पण ते मला तिला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुपारी गाय व्याली. मामा शेतात होता. मामीने कोठ्याच्या दारातून हाक मारली, "दुर्गे! गाय जनून राह्यली. गरम पानी आन, अन् तू पन ये." मीही धावले. दारातच मामीने हात आडवा केला. "बाई, तू घरात जाय. भाचीनं नाही पाहू." मी घरात गेले नाही. कुडाला एक फट होती, तिला डोळा लावून बसले. फटीतून मला गायीचे मागचे पाय आणि दुर्गीची पाठ एवढंच दिसत होतं. मामीचा आवाज मात्र सगळा ऐकू येत होता. "भेऊ नको. हात ठेव तिच्यावर. तिले समजते कोन हाये थे. ओढू नको, बह्याडबेलने! थे येते आपल्यानं. आपून निस्तं संगं राहाव." मग वासरू पडल्याचा आवाज झाला आणि दुर्गी एकदम हसायला आणि रडायला लागली. मामीही हसत होती. त्या दोघी आत आणि मी बाहेर उन्हात.

दुर्गीला माझी ही भूक कळली होती, आणि तिने तिचा पुरेपूर फायदा घेतला. गाय कशी व्याली ते ऐकायचं तर माझ्या केसांतली फुलपाखराची क्लिप. गल्लीतली कोणती बाई कोणाशी का बोलत नाही ते ऐकायचं तर निळी रिबीन. बायकांना महिन्याला काय होतं, हे तर तिने मला नेलपॉलिशच्या अख्ख्या बाटलीच्या बदल्यात सांगितलं, तेही मामीचा आवाज काढून, कमरेवर हात ठेवून. नागपूरला आईने विचारलं, तुझ्या क्लिपा कुठे गेल्या? मी म्हटलं, हरवल्या. जगातल्या महत्त्वाच्या गोष्टी मला अशा जुन्या होऊन, दुर्गीने वापरून झाल्यावर मिळाल्या.

मग बारावी, कॉलेज, माझे उन्हाळे संपले. दुर्गीचं लग्न मुकुटबनकडच्या एका शेतकरी घरात झालं. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या. मामी गाडीच्या खिडकीत डोकं घालून बोलत होती. "रडून राह्यली कायले? तोंड पूस. पदर दारात अडकन न. सासूले पह्यले आठ दिवस काही इचारू नको, निस्तं पाह्य. अन् भाजीत तेल कमी टाकजो, माहं नाव खराब नको करू." गाडी सुरू झाली तरी ती बोलतच होती, आणि गाडीबरोबर चालत होती, आणि तिच्या गळ्यातला आवाज फाटत होता. दुर्गी आतून "हो व माय, हो" म्हणत रडत होती. दोन वर्षांनी माझं लग्न झालं. मामी आली, जरीचं लुगडं आणलं, मांडवात सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली आणि डोळे पुसून बाजूला झाली. मी निघताना मुद्दाम तिच्यासमोर उभी राहिले. माझा पदर खरंच गाडीच्या दारात अडकला होता. तिने तो वाकून, हलक्या हाताने सोडवला आणि काही बोलली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मामी बोरिंगवर घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपुरात ऑपरेशन झालं. डॉक्टरांना दर आठवड्याला दाखवायचं होतं, म्हणून दीड महिना ती माझ्या घरी राहणार असं ठरलं. दुर्गीची सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली, म्हणून दुर्गी दोनच दिवस येऊन गेली आणि जाताना माझे हात धरून म्हणाली, "तुह्या भरवशावर सोडून चालली व मायले." मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस." मला आनंद झाला होता. मोडक्या हाडाची मामी का होईना, पण दुर्गीशिवाय, सबंध दीड महिना माझी. हे लिहायला लाज वाटते, पण झालं होतं तसं.

माझी मुलगी सई आठ वर्षांची, तिला सुट्ट्या लागलेल्या. मी शाळेत शिकवते, मलाही सुट्टीच. तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर येते तर मामीचा आवाज. "असा सोलतेत काय कांदा? त्याचे कपडे फाडून राह्यली काय तू? बुडखा पह्यले काप न! अन् नाक वर ओढ, कांद्यात पडन!" सई पलंगाशेजारी जमिनीवर बसून कांदा सोलत होती आणि खदाखदा हसत होती. मी विचारलं, "मामी, हिला कशी बोलतेस तू?" मामी म्हणाली, "थे नात हाये. नातीले बोलाले काय होते?" म्हणजे नियम माझ्यापुरताच होता. माझ्या पोटची पोर तीन दिवसांत जिथे पोचली तिथे मी तीस वर्षांत पोचले नव्हते. सई त्या सुट्टीत कांदा चिरायला शिकली, पोळी लाटायला शिकली, आजारी माणसाला कूस कशी बदलू द्यायची ते शिकली, आणि रोज संध्याकाळी खाली मैत्रिणींना मामीच्या शिव्या ऐकवू लागली. मी स्वयंपाकघरात उभी राहून माझ्याच मुलीवर जळत होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू वेडी आहेस का?"

आणि मामी मला हात लावू देईना. पायाला तेल लावायचं, मोजा चढवायचा, संडासला नेताना कमरेला धरायचं, प्रत्येक वेळी ती पाय आखडून घ्यायची. "भाचीचे हात माह्या पायाले? नरकात धाडतं काय मले?" सईला हाक मारायची. सई खेळायला गेली असली की दम धरून बसायची. आणि रोज फोनवर दुर्गीला विचारायची, "तू कवा येतं?" मी बाजूलाच उभी असायची. एका सकाळी मी भाजी घेऊन वर आले तर मामी वॉकर न घेता, भिंत धरून एकटीच न्हाणीघराकडे निघालेली. एक पाय लटपटत होता. पिशवी माझ्या हातातून पडली.

"मामे! खाली बस! बस म्हन्तो न! हाड जुयून नाही राह्यलं अन् चालली भवानी एकटी! पडशीन त आता कोन उचलन तुले, माहा बाप? भाची-बिची सारं खड्ड्यात गेलं! पाय इकडं कर!"

मी आयुष्यात माणसांसमोर वऱ्हाडी बोलले नव्हते. नागपूरच्या शाळेत बोलायचं नसतं ते. पण शब्द सगळे तयार होते, वर्षानुवर्षं चोरून जमवलेले. सई दारात तोंड उघडं टाकून उभी होती. मामी खुर्चीवर बसली. माझ्याकडे तिने असं पाहिलं जसं मला पहिल्यांदाच बघतेय. मग तिने लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि पाय पुढे केला. मी जमिनीवर बसून तेल लावलं. पाय किती हलका झाला होता तिचा. त्यावर बोरिंगवर पडल्याची खूण अजून काळी होती. ती दिवसभर एक शब्द बोलली नाही, सईलाही नाही. मला धास्ती वाटत राहिली, की होतं नव्हतं तेही मी घालवून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सई झोपली होती. मी तव्यावर पोळी टाकली आणि शाळेच्या ग्रुपवर काहीतरी आलं ते वाचत उभी राहिले. खोलीतून आवाज आला.

"अव बह्याडबेलने! पोयी जयून राह्यली न तिकडं! घरभर वास सुटला अन् हिचे डोये त्या फोनात! नवऱ्याले काय कोयसा देतं डब्यात? मास्तरीन झाली म्हने! उलटव न थे!"

मी उलटवली नाही. मी गॅसही बारीक केला नाही. हातात फोन तसाच धरून उभी राहिले. आणखी काही येतं का म्हणून वाट पाहत होते. पोळी काळी झाली, धूर झाला, मला ठसका लागला, त्यातच मला रडू येत होतं. मग गॅस बंद केला. मी दारात गेले. मामीने जीभ दातांखाली धरली होती आणि दोन्ही हात जोडले होते. "बाई, तोंडातून निघून गेलं व. दुर्गीच वाटली मले. माफ कर माय." मी म्हटलं, "मामी, अजून एकदा बोल ना." तिला वाटलं मी थट्टा करतेय. तिने हात लांब करून माझ्या पायाला लावायचा प्रयत्न केला. नंतर जाईपर्यंत ती मला एकदाही बोलली नाही. तेल मात्र लावू द्यायची.

दुर्गीच वाटली, असं ती म्हणाली. मी त्यावर खूप विचार केला आहे. आवाजाकडे पाठ होती, मी ओट्याशी होते, पलंगावरून माझी पाठ तेवढी दिसत असेल. पण 'मास्तरीन' दुर्गी नाही. दुर्गी कापूस पिकवते. मास्तरीण मी आहे.

मामी मे संपता संपता गावी गेली आणि दिवाळीनंतर झोपेतच गेली. तेरवीला गल्लीतल्या सगळ्या बायका ओसरीवर जमल्या होत्या. दुर्गी पदर खोचून स्वयंपाकाचं बघत होती, पाहुण्यांना बोलत होती, आचाऱ्याला झापत होती, आणि तिचा आवाज ऐकून म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहत होत्या. मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आधी चहा दिला होता. मग एकेक जण सांगायला लागली, दुर्गीची माय मले कशी बोलली, मले कशी बोलली. हसत होत्या, डोळे पुसत होत्या. समोरच्या घरातल्या काकूला तर स्वतःच्या लग्नाच्या दिवशी पडलेली शिवी शब्दन् शब्द पाठ होती. दुर्गी कामं टाकून दाराला टेकून ऐकत होती. काकू माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमाले त कवा शबूद नाही बोलली असन बाई. भाची होत्या न तुमी." दुर्गीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या पाहण्यात कीव होती, आणि थोडी मालकीही होती. ती नजर मला लहानपणापासून ओळखीची आहे.

ओठावर आलं होतं. पण दुर्गीपाशी उभ्या जन्माच्या शिव्या आहेत. माझ्याकडे एक आहे, आणि तीही मी सांगितली असती तर दुर्गीने विचारलं असतं, तुलेच बोलली कायवरून, तुले मी समजली असन.

"नाही," मी म्हटलं. "मला कधीच नाही बोलली."